तेस्तोला फाटा

गोष्ट सांगणं हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे. आमच्या काटेरी मुकुटाच्या मंडळात दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ओरातोरिओ, म्हणजे गाऊन सांगितलेल्या धर्मकथा, होतात. त्यांत बाजूला उभं राहून 'मग राजा म्हणाला', 'हे ऐकून ती विधवा रडू लागली' असं सुरात सांगायचं काम माझं. या सांगणाऱ्याला आमच्याकडे तेस्तो म्हणतात. राजाचं कौतुक होतं, विधवेला फुलं येतात, तेस्तोला पिण्याचं पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. पण तेस्तो नसला तर राजा कोण आणि विधवा कोण हे कोणाच्या बापाला कळणार नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. यंदा ते सिद्ध झालं, आणि सिद्ध झालं ते माझ्याच पोराच्या ओरातोरिओत.

कार्निव्हल संपला की पोपसाहेब रोममधल्या सगळ्या नाटकगृहांना कुलपं लावतात. ऑपेरा बंद, कारण ऑपेरा पाप. मग धर्मानेच त्यावर तोड काढली आहे. तेच गवई, तीच वाद्यं, तीच उंची अत्तरं लावून आलेली मंडळी, फक्त पडदा नाही, पोशाख नाहीत, अभिनय नाही आणि मधोमध एक प्रवचन. गवई काळे झगे घालून एका बाकावर बसतात, पाळी आली की उभे राहतात. एवढं केलं की ऑपेरा पवित्र होतो. बायकांना तिथे गायची बंदी आहे, म्हणून बायकांच्या पट्टीत गाणारे पुरुष, आवाज कोवळा राहावा म्हणून लहानपणीच कापून, खच्ची करून तयार ठेवलेले असतात. कापणाऱ्याला पाप लागतं, ऐकणाऱ्याला लागत नाही. लोकांनी प्रवचनाला यावं म्हणून गाणं ठेवायचं, असा मंडळाचा नियम आहे. लोक गाण्याला येतात आणि प्रवचन सुरू झालं की बाहेरच्या दालनात चॉकलेट प्यायला जातात. पातळ चॉकलेटाने उपास मोडत नाही असा मोठमोठ्या पंडितांचा निर्वाळा आहे. मोठमोठे पंडित चॉकलेट पितात.

मंडळाचे जुने संगीतप्रमुख गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या जागेसाठी अर्ध्या रोमने मनात नवस बोलले असतील. मंडळाचे अध्यक्ष सरदार तोर्कीनी यांनी यंदाचा पहिला ओरातोरिओ माझ्या मुलाला, सिल्वेस्त्रोला दिला. चांगला झाला तर जागा त्याची, नाही झाला तर त्याने जन्मभर त्या गळक्या छपराच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत बसायचं. मला एवढा आनंद झाला की मी समोरच्या बेकरीवाल्यालासुद्धा मिठी मारली, आणि त्याच्याशी माझं वर्षानुवर्षं पटत नाही.

गोष्ट निवडली होती अब्राहामाची. देव म्हणतो, तुझ्या मुलाचा बळी दे. म्हातारा मुलाला घेऊन डोंगर चढतो, सुरी उचलतो, आणि ऐन वेळी देवदूत येऊन हात धरतो. मुलगा वाचतो, झुडपात अडकलेला एक मेंढा मरतो. मेंढ्याला यात कोणी विचारत नाही.

गाण्याचे शब्द लिहायला आबाते कोर्विनी नावाचे एक कवी आले. आबाते म्हणजे पाद्र्याचा पोशाख. बाकी पाद्रीपणाचा अंगाला वास नाही. हे गृहस्थ नेमके जेवणाच्या वेळेला उगवायचे. आमच्या घरी त्या दिवसांत हरभऱ्याचं सूप आणि खारवलेला मासा, पण कवींची भूक श्रद्धाळू होती. जेवून झालं की ते डोळे मिटून एखादी ओळ म्हणायचे, सिल्वेस्त्रो शेजारच्या खोलीतल्या वाद्यावर बसून ती सुरात बसवायचा, आणि माझी बायको दोमितिल्ला भांडी घासता घासता म्हणायची, छान आहे. तिला गाण्यातलं काही कळत नाही. ती लग्नापासून सगळ्यालाच छान म्हणत आलेली आहे, त्यामुळे मीही कधी तिच्याकडून वेगळं मत मागितलं नाही.

दिवस जात होते, खोलीतून अब्राहाम ऐकू यायचा, त्याची बायको सारा ऐकू यायची, मुलगा इसहाक ऐकू यायचा. मी कान देऊन वाट पाहायचो की आता तेस्तो येईल. तेस्तो येईना. मला वाटलं, बापाचं काम म्हणून शेवटी निवांत लिहिणार असेल. हौसेने कोणी काही शेवटी ठेवतो ना, तसं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं वय माझं नव्हतं, तरी झालो.

शेवटी एकदा जेवताना मीच विषय काढला. सिल्वेस्त्रो सुपात पाव बुडवत राहिला. उत्तर दिलं ते कोर्विनींनी. तेस्तो ही जुनी, गावठी पद्धत आहे म्हणे. ग्रीक पंडितांना ती मान्य नसती. पात्रांनी आपापसांत बोलावं आणि त्यातून गोष्ट उलगडावी. पात्रांची नावंसुद्धा त्यांनी कुठे येऊ दिली नव्हती, कारण नावं घेणं हे बाजारात शोभतं, काव्यात 'हे प्रिय', 'हे जनका', 'हे हृदयीच्या ठेव्या' असंच म्हणावं. ओरातोरिओचं नावही त्यांनी 'पितृहृदयाची कसोटी' असं ठेवलं होतं. मी सिल्वेस्त्रोकडे पाहिलं.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"बाबा, सगळीकडे आता असंच करतात," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी मध्येच कोणीतरी 'मग तो म्हणाला' म्हणतं, तेव्हा माझी लय मोडते."

मी तीस वर्षं लोकांची लय मोडत होतो हे मला त्या सुपाच्या वाडग्यासमोर समजलं. इतर मंडळांनी आपापले तेस्तो केव्हाच काढले होते. आमच्यातले काही मेले, एक जण मेणबत्त्या विकायला लागला. रोममध्ये त्या कामाचा म्हणून मी एकटा उरलो होतो, आणि माझ्यावर सुरी चालवायचा मान घरातच राहिला. दुसरा कोणी असता तर मी त्याचे वाभाडे काढले असते. पोटच्या पोराचे काढता येत नाहीत. मी एवढंच म्हणालो की लोकांना कळणार नाही. कोर्विनी म्हणाले, छापील पुस्तिका वाटणार आहोत, त्यात सगळं असेल.

पुस्तिका छापायला धर्मखात्याची परवानगी लागते. तिथल्या तपासनिसांनी 'भाग्यदेवता' या शब्दाखाली रेघ मारून हस्तलिखित परत पाठवलं. भाग्यदेवता ही मूर्तिपूजकांची, ती काढा. कोर्विनींनी कळवलं, ती काढली तर यमक बिघडतं. तपासनीस म्हणाले, बिघडू द्या. कोर्विनींना स्वाभिमान सुचला. आमच्या घरी तिसऱ्यांदा मासा वाढून घेणाऱ्या माणसाचा स्वाभिमान एका यमकावर उभा होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांची ही पत्रापत्री चालू राहिली, आणि ओरातोरिओचा शुक्रवार आला तेव्हा एकही पुस्तिका छापलेली नव्हती.

मी जाणार नव्हतो. दोमितिल्लाने माझा काळा कोट झटकून समोर ठेवला आणि म्हणाली, "अहो, पोराच्या परीक्षेच्या दिवशी बाप घरी बसत नाही." मग गेलो. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मनात ठरवलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. पुढे कार्डिनल, त्यांच्या शेजारी सरदार तोर्कीनी, आणि त्यांच्या शेजारी भाग्यदेवतेच्या शोधात असल्यासारखे ते धर्मखात्याचे तपासनीस. समोर गवयांच्या सज्जात सिल्वेस्त्रो वाद्यावर बसला. त्याच्या मानेवरचा घाम मला मागच्या भिंतीपासूनसुद्धा दिसत होता.

सुरुवात झाली आणि मला दोन गोष्टी लगेच कळल्या. पहिली, की संगीत उत्तम होतं. दुसरी, की समोरच्या गर्दीत कोणालाही काहीही कळत नव्हतं. इसहाकाचं काम फाउस्तो करत होता. हा फाउस्तो कार्निव्हलमध्ये दरवर्षी राजकन्या होतो आणि रोममधले सगळे सभ्य गृहस्थ त्याच्यावर लट्टू असतात. तो गायला उभा राहिला की लोकांना राजकन्याच दिसते, मग झगा काळा असो की पांढरा. सारेचं काम गास्पारे नावाच्या दांडग्या गवयाकडे होतं. त्याचा गळा कोवळा, खांदे हमालाचे. फाउस्तो त्याच्याकडे पाहून 'हे प्रिय' म्हणाला तेव्हा माझ्या पुढची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली की हे लग्न काही टिकायचं नाही. देवाने मागितलं ते 'हृदयीचा ठेवा'. ठेवा म्हणजे मुलगा की दागिना, कोण सांगणार? ज्याने सांगायचं तो भिंतीला टेकून उभा होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पहिला भाग संपला आणि पाद्रे इलारिओ प्रवचनाला उभे राहिले. हे कार्डिनलसाहेबांचे भाचे. त्यांचा आवाज चॉकलेटच्या दालनापर्यंत पोचतो, त्यामुळे बाहेर जाऊनही सुटका नसते. जी गोष्ट गायली जाते तिच्यावरच प्रवचन करायचं असा रिवाज आहे. पाद्रेंनाही पुस्तिका मिळाली नव्हती. त्यांनी आमच्यासारखीच गाण्यावरून गोष्ट ओळखली होती. बाप आहे, बळी आहे, कोवळ्या आवाजाची राजकन्या आहे. ते ठणकावून इफ्ताहावर बोलू लागले.

इफ्ताहाची गोष्ट वेगळी. त्या सेनापतीने शपथ घेतली की लढाई जिंकलो तर घरातून पहिलं जे सामोरं येईल त्याचा बळी देईन, आणि सामोरी आली एकुलती एक मुलगी. तिला कोणी वाचवत नाही. देवदूत येत नाही, मेंढा येत नाही, ती मरते. पाद्रे इलारिओंनी तिचं मरण इतकं रंगवलं की सभागृहातल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. गर्दीला एकदाची गोष्ट मिळाली होती. पुरुष मान डोलवत होते. फाउस्तोकडे पाहून एका तरुण गृहस्थाने डोळे पुसले.

तेव्हा पुढचं माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या भागात देवदूत येणार होता. बायबलात जी मुलगी मरते ती सिल्वेस्त्रोच्या ओरातोरिओत टुणटुणीत उठून आईला मिठी मारणार होती, आणि तेही तपासनिसांच्या नाकासमोर. एका शब्दासाठी ज्यांनी पुस्तिका अडवली, ते धर्मग्रंथ बदलणाऱ्याला काय करतील? गोष्ट दुसरीच आहे असं सांगायचं, तर कार्डिनलचा भाचा तासभर चुकीचं बोलला असं सगळ्यांसमोर म्हणावं लागणार. ते म्हणायची कोणाची छाती होती?

मी बाजूच्या जिन्याने गवयांच्या सज्जात गेलो. तिथे सगळे तोंडात मारल्यासारखे बसले होते. कोर्विनी म्हणत होते की प्रेक्षकांनी आपली बुद्धी वापरावी. दुसऱ्यांच्या बुद्धीवर त्यांचा नेहमीच विश्वास. सिल्वेस्त्रोचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्याने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला, लहानपणी खिडकी फोडली की उभा राहायचा तसा.

"बाबा, तुम्ही सांगाल?"

"तुझ्या गोष्टीत सांगणारा नाही ना?" मी म्हणालो. हे बोलल्याशिवाय माझ्याच्याने राहवलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "म्हणून तर मेलो."

मी कोटाची बटणं लावली. शब्द नव्हते, चाल नव्हती, काहीच लिहिलेलं नव्हतं. कुठल्या पट्टीत, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही सुरू करा, मी मागून येतो."

मी उभा राहिलो तेव्हा चॉकलेटवाले परतत होते. मी गायला लागलो. पाद्रेंना आधी वंदन केलं. मग गायलो की ज्ञानी पाद्रेंनी आपल्याला मुद्दाम एका आंधळ्या बापाची गोष्ट ऐकवली, जो न विचारता शपथ घेतो आणि लेक गमावतो. आता त्याच्याशेजारी दुसरा बाप ठेवून पाहा. याने शपथ घेतली नाही, याच्याकडे देवानेच मागितलं. याचं नाव अब्राहाम. ही त्याची बायको सारा, आणि हा त्याचा मुलगा इसहाक, मुलगा. 'मुलगा' मी दोनदा गायलो आणि दुसऱ्यांदा फाउस्तोकडे बोट केलं. सिल्वेस्त्रो मागून येत होता. मी जिथे वळायचो तिथे तो आधीच पोचलेला असायचा. इतक्या वर्षांत मला कोणी अशी साथ केली नव्हती. शेवटी मी वरच्या सुराला गेलो, तिथे थांबलो, आणि आवाज तरुणपणी लागायचा तसा लागला. गेली कित्येक वर्षं तो तसा लागला नव्हता.

पाद्रे इलारिओ हळूहळू मान हलवू लागले, जणू सगळं त्यांनीच आखलं होतं. कार्डिनल भाच्याकडे कौतुकाने बघत होते. तपासनीस खुर्चीत मागे रेलले. मी सिल्वेस्त्रोच्या वाद्याशेजारच्या पायरीवर बसलो.

आणि मग मी दुसरा भाग ऐकला. बाप-लेक डोंगर चढतात. मुलगा विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, बळी कुठे आहे? त्या प्रश्नाला सिल्वेस्त्रोने इतकी साधी चाल दिली होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अब्राहामाने सुरी उचलली. वाद्यं थांबली. आणि कोणतीही सूचना न देता, कुठूनतरी, देवदूताची हाक आली. सगळं सभागृह दचकलं. कार्डिनलचा हात छातीवर गेला. मी स्वतः दचकलो, मला तर गोष्ट पाठ होती. तिथे माझ्यासारख्या कोणी आधी उभं राहून 'तेवढ्यात देवदूत म्हणाला' असं गायलं असतं, तर त्या हाकेची माती झाली असती. पोराचं बरोबर होतं. मला ते मान्य करायचं नव्हतं, पण कान माझे होते आणि ते खोटं बोलेनात.

संपल्यावर सगळे सज्जाखाली जमले. सरदार तोर्कीनींना संगीतातलं जेवढं कळतं त्यापेक्षा माझ्या घोड्याला जास्त कळेल, आणि माझ्याकडे घोडा नाही. त्यांनी सिल्वेस्त्रोच्या खांद्यावर थाप मारून जागा त्याची झाल्याचं जाहीर केलं. मग माझे दोन्ही हात धरले.

"फुल्जेन्त्सिओ, तू नसतास तर आम्हाला काही कळलं नसतं. यापुढे आमच्याकडे दरवर्षी तूच सांगणार. तेस्तोशिवाय एकही ओरातोरिओ नाही, हा माझा हुकूम."

उपासाचा एक एक दिवस मी हेच मागत काढला होता. दोमितिल्लाने मला कोपराने ढोसलं, ती आनंदाने रडत होती. मी सिल्वेस्त्रोकडे पाहिलं. तो हसत होता, बापाचा मान होतोय म्हणून हसायला हवं तसा. पण त्याचे डोळे मला वाचता येतात. आता दरवर्षी त्या हाकेच्या आधी मी उभा राहणार होतो.

"सरकार, आपली कृपा," मी म्हणालो. "पण माझा गळा संपला. आज शेवटच्या वरच्या सुरावर आवाज फुटला, आपल्या लक्षात आलंच असेल."

सरदारांनी क्षणभर विचार केला. न कळल्याचं कबूल करणं त्यांच्या घराण्यात नाही. "हो हो," ते म्हणाले, "मला जाणवलं खरं."

पाद्रे इलारिओ म्हणाले, चांगलाच फुटला. एका वाक्यात मी म्हातारा झालो. मीच दिलेली शिवी होती, तरी त्या दोघांच्या तोंडून ऐकून माझे कान तापले. सरदार सिल्वेस्त्रोकडे वळले. तुमचा कान तरबेज, तुम्हीच सांगा, फुटला ना, असं त्यांनी विचारलं.

सिल्वेस्त्रो माझ्याकडे बघत राहिला. तो सूर त्याच्या बोटांनी तोलून धरला होता. तो कसा लागला हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी मान हलवली नाही, डोळा मिचकावला नाही. काय म्हणायचं ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. त्याने नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती. नाही म्हटलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हणालो असतो, तरी इच्छा होती.

"हो," तो म्हणाला. "फुटला."

मग राहू दे, असं म्हणून सरदार कार्डिनलना सोडायला गाडीपर्यंत गेले. कोर्विनी कोणाकडे तरी जेवायला गेले. आम्ही घरी निघालो. सिल्वेस्त्रो वह्या काखेत धरून चार पावलं पुढे चालत होता, मागे वळून बघत नव्हता. नदीवरून गार वारा येत होता, दोमितिल्लाने माझ्या कोटाची कॉलर वर केली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला तर कुठे फुटलेला वाटला नाही."

"तुला काय कळतंय गाण्यातलं," मी म्हणालो.